कुठलं सांगू गा?

बेळगावच्या कॅम्पात झेरॉक्स, टायपिंग, पासपोर्ट फोटो आणि ऑनलाइन फॉर्म हे सगळं एकाच टेबलावर उरकणारी दुकानं आहेत. नोव्हेंबर लागला की त्यांच्यापुढे सकाळपासून रांग दिसते, पेन्शन चालू ठेवायला लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याची. त्या रांगेत सत्तरीची एक आजी होती, एका फौजीची विधवा. फौजी कॅन्टीनच्या पिशवीत कागदांची गुंडाळी, बरोबर नातू. टेबलामागच्या पोरानं स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, "नाव काय आजी?" आजीनं जरा दम घेतला आणि नातवाकडे वळून म्हणाली, "कुठलं सांगू गा?" रांगेत हशा पिकला. पोरगा म्हणाला, "अहो, तुमचंच सांगा की." त्यावर आजी ठसक्यात म्हणाली, "त्येच तर इचारायलोय!"

हसायला काही हरकत नाही. पण त्या रांगेतल्या निम्म्या बायकांना तोच प्रश्न विचारता आला असता, आणि तो प्रश्न अगदी रास्त होता.

आपल्याकडे मुलीचं नाव लग्नात बदलतं. पाटावर बसलेला नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव गिरवतो, करवल्या वाकून वाचतात, आणि समजा माहेरची शेवंता त्या दिवसापासून लक्ष्मी होते. तांदूळ परत डब्यात जातात. शाळेच्या दाखल्यावर, दाखला असलाच तर, शेवंताच राहते. गावात मतदार यादी करणारा येतो तेव्हा बाई शेतात असते, आणि सासू दारातून सांगते ते नाव लागतं. रेशन कार्ड कन्नडमध्ये, आधार कन्नड आणि इंग्रजीत. ऐकून लिहिलेलं कन्नड, त्यावरून उतरवलेलं इंग्रजी. कुठे नावापुढे 'बाई' आहे, कुठे नाही. लक्ष्मीच्या स्पेलिंगमध्ये एका कागदावर एक्स, दुसऱ्यावर के-एस-एच. नवऱ्याचं नाव कुठे मध्ये पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर, कुठे आडनावच आधी. आणि या सगळ्यांपासून लांब, नवऱ्याच्या पलटणीतल्या कागदात, नुसतंच 'श्रीमती लक्ष्मी', आडनावाशिवाय. जन्मतारखेचीही तीच तऱ्हा. शाळेत घालताना मास्तरांनी लावलेली १ जून, आधार काढताना नुसतं वय सांगितलं म्हणून आलेली १ जानेवारी, आणि पलटणीच्या कागदात तारखेच्या जागी कधी कधी फक्त साल.

घरात कुणाला या नावांचा त्रास होत नाही. माहेरचे एका नावानं हाक मारतात, सासरचे दुसऱ्या. त्रास होतो तो माणूस गेल्यावर, कारण फौजेच्या लेखी बाईला ओळख असते ती फक्त नवऱ्याच्या कागदातून.

ती ओळख कशी तयार होते हे फौजीच्या घरातही फार थोड्यांना ठाऊक असतं. जवान लग्नाच्या छुट्टीवरून परत गेला की त्यानं युनिटात लग्नाची खबर द्यायची असते. तिथला क्लार्क ती नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये छापतो. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि जवानाच्या कायमच्या नोंदीत बायकोचं नाव चढतं. प्रत्येक अपत्याची नोंद याच वाटेनं होते. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. आता चुकतं कुठे ते बघा. लग्न मे महिन्यात, छुट्टी संपत आलेली, लग्नाची सरकारी नोंदणी कुणी केलेलीच नाही. गडी थेट पोस्टवर पोचतो. चार-सहा महिन्यांनी कधीतरी क्लार्क विचारतो, "वाइफ का नाम बोलो." हा सांगतो, तो लिहितो. सांगणारा चंदगड-खानापूरकडचा, लिहिणारा केरळ नाहीतर बिहारचा. दोघांचीही चूक नाही. पण त्या दिवशी जे उमटलं ते पुढे किंड्रेड रोलमध्ये, म्हणजे घरच्यांच्या यादीत, डिस्चार्ज बुकात आणि शेवटी पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या मूळ हुकमात, जसंच्या तसं उतरत जातं.

डिस्चार्ज बुक कधी हातात घेऊन बघा. बहुतेक घरांत ते काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत असतं. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. झाकण उघडलं की डांबरगोळ्यांचा भपकारा येतो. वर शाल, खाली बॅरे, मेडलांचा डबा, आणि तळाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं ते पुस्तक. आत उंची, ओळखीची खूण, कुठली मेडलं, किती वर्षं सेवा, आणि चारित्र्याच्या रकान्यात 'एक्झेम्प्लरी'. हे पान गडी पाहुण्यांना हौसेनं दाखवतो. बायको-मुलांच्या नावांचं पान मात्र पेन्शनीवर आल्यापासून त्यानं स्वतःही वाचलेलं नसतं.

मग एक दिवस तो जातो. ग्रामपंचायतीतून नाहीतर महापालिकेतून मृत्यूचा दाखला काढायचा. पेन्शन ताबडतोब थांबवायला कळवायचं. दोन-तीन महिने जमा होत राहिली तर ती रक्कम पुढे वसूल होते, आणि नेमकी दिवसकार्याला खर्च झालेली असते. पूर्वी हे सगळं बँकेतून चालायचं, आता बहुतेकांची पेन्शन स्पर्श या ऑनलाइन व्यवस्थेवर गेली आहे आणि तिचा कारभार प्रयागराजहून चालतो. मृत्यूची नोंद तिथेच करायची. दाखला, बाईचं आधार, पॅन, बँक खातं जोडायचं. पीपीओतलं नाव, आधारावरचं नाव आणि पासबुकातलं नाव जुळलं तर कुटुंब पेन्शन फारसा त्रास न होता सुरू होते. नाही जुळलं तर अर्ज परत येतो. मग प्रतिज्ञापत्र, की शेवंता, लक्ष्मी आणि लक्ष्मीबाई ही एकच बाई. मग वर्तमानपत्रात जाहिरात, एक इंग्रजीत आणि एक स्थानिक भाषेतल्या पेपरात. (बेळगावात स्थानिक भाषा कुठली यावर झेरॉक्सच्या दुकानातही अर्धा तास सहज जातो, शेवटी बरेच जण मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीकडे देऊन मोकळे होतात.) हे सगळं रेकॉर्ड ऑफिसला जातं, तिथून दुरुस्ती होऊन पीपीओची शुद्धी निघते, मग परत स्पर्श. मधल्या काळात बाईच्या हातात काही नसतं.

साताऱ्याची, लातूरची विधवा याच कामासाठी रात्रभर एसटीत बसून बेळगावला येते. इथली बाई तर पहाटेच्या पीटीची आरोळी घरात बसून ऐकते. १९२२ पासून मराठा पलटणीचं ट्रेनिंग सेंटर इथे आहे. पिढ्यान् पिढ्या दूध, भाजी, धोब्याचं काम घेऊन गावं त्या गेटापर्यंत जात आली. पण कागद जुळत नसला की उंबरठ्यावरची बाई आणि लातूरची बाई दोघी सारख्याच लांब.

पैशाचं सांगायला हवं, कारण तिथे गैरसमज फार. निवृत्तीनंतर नवरा वारला तर पहिली ७ वर्षं, किंवा तो हयात असता तर ज्या दिवशी ६७ चा झाला असता त्या दिवसापर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवर बाईला वाढीव दरानं पेन्शन मिळते, म्हणजे हिशेबाच्या शेवटच्या पगाराच्या ५० टक्के. त्यानंतर ती ३० टक्क्यांवर येते. शेवटचा पगार ४०,००० धरला तर आधी २०,०००, नंतर १२,०००, वर महागाई भत्ता. आता गंमत अशी की नवऱ्यानं निवृत्त होताना पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेतलेले असतात. घर त्याच पैशातून झालेलं, नाहीतर धाकट्या बहिणीचं लग्न. तो विकलेला भाग १५ वर्षांनी परत जोडला जातो, तोवर हातात कमी येतं. कुटुंब पेन्शनीला ही कात्री लागत नाही. म्हणून नवरा लवकर गेला तर बाईच्या खात्यात कधी कधी त्याच्या हयातीत यायची त्यापेक्षा जास्त रक्कम जमा होते. गावाला हे कळायला वेळ लागत नाही. "नवरा गेला आन् पेन्शन वाढली" हे वाक्य बोअरिंगवर, दळपाच्या गिरणीत फिरत राहतं, आणि ते बाईच्या कानावर येतंच. मग सात वर्षांनी एका महिन्यात रक्कम धपकन उतरते. कुणी आधी सांगितलेलं नसतं. बाई बँकेत जाऊन भांडते, धाकट्या दिरावर संशय घेते, सुनेशी अबोला धरते. घरं मोडलेली आहेत यावरून, आणि कारण काय, तर पीपीओवर दोन दर आणि दोन तारखा इंग्रजीत स्पष्ट छापल्या होत्या, त्या कुणी वाचून दाखवल्या नाहीत.

लढाईत किंवा तशा कारवाईत गेलेल्याचं वेगळं. तिथे उदारीकृत कुटुंब पेन्शन, शेवटच्या पगाराइतकी पूर्ण. सेवेमुळे आलेल्या आजारानं वा अपघातानं गेला तर विशेष कुटुंब पेन्शन, ६० टक्के. कुठल्या खणात प्रकरण पडतं ते युनिटच्या चौकशीत आणि कागदात ठरतं, आणि दुःखात बुडालेल्या घराला तेव्हा ते विचारायचं भान नसतं.

हे सगळं गडी जिवंतपणी का करून ठेवत नाहीत? आळस म्हणावं तर ज्या माणसानं वीस वर्षं किट-लेआउट सुतात मांडलं तो आळशी नसतो. मला वाटतं, त्याला घरात त्या विषयाचं तोंड उघडता येत नाही. बाहेर असताना मरणाची गोष्ट पलटणीत रोज चालायची, चेष्टेत चालायची. घरी ती काढली की बायको म्हणते, "अभद्र बोलू नका." आणि तो सुटल्यासारखा गप्प बसतो.

त्या दोघांच्या बोलण्याचा हिशेबही मांडून बघण्यासारखा आहे. वर्षाला ६० दिवसांची छुट्टी, ३० दिवसांची कॅज्युअल, तीही युनिट सोडेल तेव्हा. फील्ड पोस्टिंगवर कुटुंब नेता येत नाही. पीसमध्ये, म्हणजे शांत ठिकाणच्या पोस्टिंगवर, नेता येतं, पण क्वार्टर मिळायला रांग, आणि मुलांची शाळा मराठीतून की हिंदीतून हा घोळ. म्हणून पुष्कळ बायका गावीच राहिल्या. रोपलावण, भाताची मळणी, बटाट्याचं बी, काजूची राखण, सासऱ्याचं दुखणं, सोसायटीचं कर्ज हे सगळं त्यांनी निभावलं. पूर्वी '५६ एपीओ' असा पत्ता घातलेली आंतर्देशीय पत्रं जायची; शेजारच्या शाळकरी पोराकडून लिहून घेतलेली, त्यामुळे त्यात सगळे खुशाल असायचे. खरं कुणी लिहायचं? पोराच्या हातून बाई काय लिहिणार आणि हवालदार मेजर वाचेल या धास्तीनं तो काय उत्तर देणार.

अशा घरात चाळिशीच्या आत-बाहेरचा धडधाकट माणूस कायमचा राहायला येतो. पहाटे साडेचारला उठतो, अंथरुणाची घडी काटकोनात घालतो, दाढी करून अंगणात उभा राहतो आणि बघतो तर घर झोपलेलं. पहिले सहा महिने कौतुकाचे. मग तो चपला ओळीत लावायला सांगतो, पोराला केस कापायला पाठवतो, गोठ्यात हे इथे का आणि ते तिथे का. बाई आधी ऐकते. नंतर एक दिवस सरळ विचारते, "इतकी वर्सं कोण बगत हुतं?" पोरांचं निराळंच. त्यांचा बाप दोन महिन्यांचा पाहुणा, खाऊ आणणारा, न रागावणारा. आता रोज जेवायला समोर बसलेला हा माणूस त्यांना नवा. कुणी वाईट नसतं. जागा मात्र कुणाकडेच शिल्लक नसते. मग तो माणूस दुसरी नोकरी शोधतो. सरकारी बँकांत माजी सैनिकांना राखीव जागा आहेत, शिपायाच्या वर्गात २४.५ टक्के, क्लार्कच्या १४.५ टक्के. बंदूक घेऊन बँकेच्या दारात उभा राहिलेला सुभेदार आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पगारासाठी तो तिथे असतोच, पण सकाळी कडक इस्त्री करून घराबाहेर पडायला मिळतं हेही त्याला हवं असतं.

संध्याकाळची कॅन्टीनची बाटली हा विषय गावात सगळे टाळतात. कोटा ठरलेला आहे, स्वस्त आहे, मित्र जमतात, निम्मी विकलीही जाते. झोप लागत नाही म्हणून सुरू झालेला घोट पुढे कशासाठी चालू आहे हे त्यालाही सांगता येत नाही. दिवाळीत लक्ष्मी बार वाजला की काही जण घरातल्या घरात खोली बदलतात. हे दुखणं आहे, माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमधून रेफरल, म्हणजे पुढे पाठवल्याची चिठ्ठी, घेऊन मनोविकारतज्ज्ञाकडे जाता येतं, औषध फुकट मिळतं. पण रेफरलवर लिहिलेला विभाग रांगेतल्या शेजाऱ्यानं वाचला तर? या भीतीनं कागद घडी होऊन खिशात राहतो.

शरीराच्या दुखण्यातही असंच निसटतं. फौज सोडताना रिलीज मेडिकल बोर्ड होतं. ८१ मिलिमीटर मॉर्टर नाहीतर मशीनगनवर वर्षं काढलेल्याचा कान गेलेला असतो, उतारावरून पाठीवर ओझं घेऊन उतरून गुडघे झिजलेले असतात. पण सेवेत असताना मेडिकल कॅटेगरी उतरली तर प्रमोशन अडकतं, म्हणून त्यानं ते लपवलेलं. आणि बोर्डापुढे घरी जायची घाई, "सब ठीक है साब." तिथे दुखणं नोंदलं गेलं, ते सेवेमुळे आलं किंवा सेवेत वाढलं असं ठरलं आणि अपंगत्व २० टक्के किंवा वर निघालं, तरच अपंगत्वाचा भाग मिळतो. ५० च्या आतलं असेल तर तो ५० धरून देतात. दहा वर्षांनी टीव्हीचा आवाज मोठा करून बसलेल्या माणसाला हे कळतं तेव्हा त्या कागदात त्याचा कान शाबूत असतो. अपील होतं, सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, पण लढायला जुना कागद लागतो: एमएचमधली, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलमधली, भरती, डिस्चार्ज स्लिप, काहीतरी. एमएचमधून सुटताना मिळालेली प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवा असं जवानांना कुणीतरी पहिल्या छुट्टीतच सांगायला हवं.

दोन राज्यांच्या हद्दीवरच्या ओढ्याअलीकडचा माजी सैनिक बेळगावच्या सैनिक कल्याण खात्याकडे जातो, पलीकडचा कोल्हापूरच्या. एकाच पलटणीत, एकाच खंदकात राहिलेले दोघे. केंद्राची पेन्शन सारखी, पण राज्याच्या सवलती, मुलांच्या शिष्यवृत्त्या, शौर्यपदकाची रक्कम दोन्हीकडे वेगळी. त्यावर भांडण्यापेक्षा लग्नकार्यात ते एकमेकांच्या राज्याची चेष्टा करतात. सीमाभागात आणखी काय करणार!

तर करायचं काय? एका रविवारी ट्रंक उघडायची. डिस्चार्ज बुक, पीपीओ, दोघांचं आधार, पॅन आणि पासबुक शेजारी शेजारी मांडायची आणि बायकोचं नाव अक्षराअक्षरानं ताडून बघायचं, इंग्रजीतलं. फरक निघाला तर आधी ठरवायचं की कुठलं नाव पक्कं. माझं मत विचाराल तर पीपीओतलं नाव धरावं आणि बाकीचे कागद त्याच्यासारखे करावेत, कारण तो कागद बदलणं सगळ्यांत लांबचं. फक्त आधारावर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, तेव्हा घाईनं संधी घालवू नये. जन्मतारीखही तितकीच महत्त्वाची, कारण वयाला ८० वर्षं झाली की पेन्शन २० टक्क्यांनी वाढते, ८५ ला ३०, ९० ला ४०; रेकॉर्डात तारीखच नसेल तर ती वाढ आपोआप लागत नाही. पीपीओत बायकोचं नावच नसेल, किंवा एखादं अपत्य नोंदवायचं राहिलं असेल, तर गडी हयात असतानाच त्याच्या सहीनं रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा: लग्नाचा दाखला, जन्माचे दाखले, प्रतिज्ञापत्र, दोघांचा एकत्र फोटो. अपंग मूल असेल तर हे काम सगळ्यांत आधी. त्या मुलाला आई-बापांमागे जन्मभर पेन्शन मिळू शकते, पण नोंद आणि वैद्यकीय दाखला हवा. विधवा किंवा सोडलेली मुलगी घरी असेल तर तिचाही हक्क बनू शकतो, हे तर निम्म्या घरांत माहीतच नसतं.

पहाटे हिंडलगा रोडला, उचगावच्या फाट्यावर पोरं अजून पळतात, सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत. अग्निवीर म्हणून गेलेली पहिली तुकडी २०२३ च्या जानेवारीत ट्रेनिंगला लागली. चार वर्षांनी त्यांतले २५ टक्क्यांपर्यंत राहतील; बाकीचे साधारण पावणेबारा लाखांची सेवानिधी घेऊन घरी येतील, पेन्शन नाही, पॉलिक्लिनिक नाही. पंचविशीच्या आसपासच माजी झालेल्या या पोरांच्या बायकांना पीपीओतलं नाव ताडून बघायची वेळ येणार नाही. याला सुटका म्हणायचं की काय, ते अजून ठरवता येत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, हल्लीची. स्पर्शचा ओटीपी येतो तो गड्याच्या मोबाइलवर. तो गेला की महिन्याभरात पोरगा रिचार्ज कशाला म्हणून सिम बंद करतो, आणि पुढचं सगळं तिथे अडतं. निदान ते सिम चालू ठेवा, किंवा आधीच घरातला दुसरा नंबर जोडून घ्या. हयातीच्या दाखल्यालाही आता अंगठ्यावर अडून बसायची गरज नाही. भात लावून, भांडी घासून बोटांच्या रेषा गेलेल्यांना चेहरा दाखवून मोबाइलवरून तो देता येतो. उजेड समोरून हवा, चष्मा काढायचा, पापणी एकदा मिटायची, एवढंच. खानापूरकडची एका सुभेदाराची बायको गल्लीतल्या सगळ्यांचे दाखले आता स्वतःच्या फोनवरून काढून देते. सुभेदार बाजूला खुर्चीत बसून सूचना करत असतात. कुणी त्यांना पासवर्ड विचारला की ती आतूनच ओरडते, "त्यास्नी काय इचारताय? त्यास्नी आपला नंबर तेवढा पाठ हाय, फौजेतला!"